गोष्ट हाये का बातमी?

सकाळी गाडीत बसल्यावर कुणी "अहो, काल काय झालं माहितीये?" म्हणून तोंड उघडलं, की मामांचा वेग आपोआप कमी व्हायचा. आरशातून त्या माणसाकडे बघत ते विचारायचे, "गोष्ट हाये का बातमी?"

बातमी असेल तर खुशाल सांगा. साहेबाची बदली झाली, शेजारच्या सुनेनं सासूला कोर्टात खेचलं, केळीची गाडी घाटात उलटली, जे घडलं ते सांगा. पण रचलेलं, ऐकीव, भुताखेताचं, अगदी सिनेमातलं काही असेल, तर ते दिवे लागल्यावर. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं आमच्याकडे लहान पोरांना सांगतात. पोरांनी भरदुपारी म्हाताऱ्यांच्या मागे लागू नये म्हणून कुणीतरी काढलेली ती युक्ती, दुसरं काही नाही. पण हा माणूस स्वतःच मामा! एका सख्ख्या भाचीचा मामा, वरून आम्हा सगळ्या अपडाऊनवाल्यांचा मामा, आणि धंदा ड्रायव्हिंगचा. एवढी माणसं ज्याला मामा म्हणतात त्याच्या वाटेवर किती संकटं, असं ते अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे.

मी जळगावची, नोकरी धुळ्याच्या सरकारी कचेरीत. रोज सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. आमच्यासारखे पाच-सहा जण मामांच्या गाडीत महिन्याच्या बोलीवर बसायचो. ट्रेझरीतले आबा सगळ्यात जुने, निवृत्तीला आलेले. मामांची भाची धुळ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. ती मामांच्या शेजारी पुढच्या सीटवर. त्या सीटवर दुसऱ्या कुणाचा हक्क नव्हता, आणि मला गाडी लागत असूनसुद्धा मी तो कधी सांगू शकले नाही, याचा मला राग यायचा.

मामा मूळचे पहूरचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. जळगावात दोन खोल्यांत एकटे राहायचे. अंगानं धिप्पाड, मिशा अशा की टोल नाक्यावरची पोरं आधी नमस्कार करायची. आणि भित्रे किती म्हणून सांगू! गिरणेच्या पुलावर गाडी चढली की रेडिओ बंद, आमची तोंडं बंद. "पूल आयकतो," म्हणायचे. पूल ऐकतो तर ऐकू दे ना, आमच्या महागाईभत्त्याच्या गप्पा ऐकून त्याला काय मिळणार, असं मी एकदा म्हणाले. पूल संपेपर्यंत त्यांनी उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "ताई, तुमाले भेव नाई वाटत, ते चांगलंच हाये. पन कोनाले तरी वाटाले पायजे ना."

आणि 'कुठे' हा शब्द. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये, एवढं आपण सगळेच पाळतो. मामांच्या लेखी चाक फिरत असेतोवर माणूस निघालेलाच. एकदा कृषी खात्यातला एक नवा साहेब डुलकी काढून उठला आणि म्हणाला, "मामा, कुठे आलो?" झालं! मामांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, पाणी प्यायले आणि बंपरवर जाऊन बसले. म्हणे नवीन निघणं करायचं. ऑफिसात माझा लेटमार्क लागला तो त्या 'कुठे'पायी. मामा स्वतः विचारायचे, "कोन्या अंगाले?" आम्हीही तसंच बोलायला लागलो. घरी मी नवऱ्याला "कोणत्या अंगाला निघालात?" म्हणाले, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

संध्याकाळी मात्र रस्त्याकडेच्या ढाब्यांचे दिवे लागले, की तोच माणूस बदलायचा. "हं, आता सांगा," म्हणायचे, आणि कुणी सांगायच्या आत स्वतःच सुरू करायचे. थंडीत पारोळ्यालाच अंधार पडायचा, मग जळगाव येईतो दोन गोष्टी व्हायच्या. उन्हाळ्यात पाळधी ओलांडेपर्यंत उजेड, मग एकही नाही. त्यांच्या गोष्टी भयंकर असायच्या. त्यातली बैलगाडीवाल्याची तर मी दोन वेळा ऐकली आणि दोन्ही वेळा शेजारच्या आबांचा हात घट्ट धरला.

एक गाडीवान रिकामी बैलगाडी घेऊन घरी निघालेला असतो. वाटेत एक म्हातारा हात करतो. मले घे म्हणतो. गाडीवान त्याला बसवतो. पहिलं गाव येतं, गाडीवान म्हणतो, उतर. म्हातारा म्हणतो, माहं गाव पुढं हाये. दुसरं गाव येतं, तेच. बोलता बोलता म्हातारा त्याला एकेक विचारत जातो. तुही बायको काय नावाची, तुह्या दारात झाड कायचं, तुह्या कुत्र्याले काय म्हनतात. गाडीवान आपला भोळेपणानं सांगत जातो. जे सांगितलं ते त्याच्या ध्यानातून जातं, हे त्याला कळत नाही. शेवटी एक गाव येतं. म्हातारा उतरतो, एका दारात जातो, कुत्रा शेपूट हलवतो, बाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे येते. गाडीवान बघत राहतो. छान गाव आहे, म्हणतो, आणि बैल हाकतो. कारण आपलं गाव अजून पुढे आहे, असं त्याला वाटत असतं.

"मग तो गेला..." मी विचारणार होते, पण 'कुठे' शब्द तोंडात आला आणि मी जीभ चावली.

भाचीला या गोष्टी लहानपणापासून पाठ. ती हसायची. तिची स्वतःची एक वेगळीच सवय होती, आणि तिनं मला वात आणला होता. सबंध रस्ताभर गावांची नावं घ्यायची. "मामा, पाळधी आली बरं का. आता एरंडोल. मामा, आता पारोळा, चौकातून सरळ." आम्ही रोजचे, रस्ता रोजचा, मामांची उभी हयात त्या रस्त्यावर गेलेली, आणि ही इंग्रजीची प्राध्यापिका कंडक्टरसारखी ओरडतेय. आबा म्हणायचे, "पोरी, तिकीटपण फाड." ती हसून म्हणायची, "फाडते आबा," आणि पुन्हा, "मामा, मुकटी. मग फागणे."

दीड वर्षापूर्वी तिचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियात गेली. पुढची सीट मला मिळाली. मला काय आनंद झाला! खिडकी उघडी टाकायची, वारा घ्यायचा, गप्प बसायचं.

पहिल्यांदा झालं ते पारोळ्याच्या चौकात. मामांनी सरळ जायच्या ऐवजी गाडी अमळनेरच्या रस्त्याला घातली. मागे सगळे पेंगलेले. मला वाटलं, डिझेल भरायचं असेल. बरंच पुढे गेल्यावर मी म्हणाले, "मामा, हा अमळनेरचा ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा असा की मीच त्यांना भलतीकडे आणलंय. मग म्हणाले, "तिकडी काम चालू हाये रस्त्याचं." गाडी फिरवली. काम काही चालू नव्हतं.

मग असं दोनदा-तीनदा झालं. धुळ्यात माझ्या कचेरीवरून गाडी तशीच पुढे निघाली. संध्याकाळी पाळधीला उतरणाऱ्या शाळेच्या मास्तरांना, एरंडोल मागे पडलेलं असताना, एरंडोलला जाऊ का म्हणाले. वय झालंय, झोप होत नसेल, असं मी मनाशी म्हणत होते. मामांचं म्हणणं वेगळं होतं. एका सकाळी गिरणेचा पूल ओलांडल्यावर ते हळूच म्हणाले, "ताई, मी वाट चुकून राह्यलो. कोनीतरी दिवसा गोष्ट सांगून राह्यलं."

आणि त्यांनी शोध सुरू केला. बापरे, ते दिवस! आबांना विचारलं, नातवाला दुपारी काही सांगता का? मास्तरांना विचारलं, शाळेत पोरांना धड्यातल्या गोष्टी शिकवता, त्या दिवसाच ना? मास्तर म्हणाले, "मामा, तो अभ्यासक्रम आहे हो." मला तर त्यांनी टीव्हीवरच्या मालिका दुपारी बघू नका म्हणून सांगितलं. आम्ही त्यांची टर उडवली. तुम्हाला सगळ्यांनी मिळून मामा बनवलंय, असं आबा म्हणाले तेव्हा गाडी हसण्यानं हलली. मामा हसले नाहीत. घाबरलेला माणूस मी पाहिला आहे, पण मिशा असलेला एवढा मोठा माणूस स्टिअरिंगला असा बिलगून बसलेला मी पाहिला नव्हता.

मग ती सकाळ आली. फागण्याच्या अलीकडे, भरधाव हायवेवर, मधल्या लेनमध्ये, मामांनी गाडी थांबवली. बाजूला घेतली नाही, उभीच केली. रस्त्याच्या कडेला एक शेतकरी चालला होता, त्याला त्यांना काहीतरी विचारायचं होतं. मागून कंटेनर. त्याचा हॉर्न माझ्या दातांत वाजला. "मामा, चला! मामा, धुळं पुढं आहे, सरळ चला!" मी ओरडले, आणि ते निघाले. कंटेनर आमच्या डाव्या अंगानं घासून गेला. मागचे सगळे जागे झाले, शिव्या कंटेनरवाल्याला घातल्या. मामांनी पण घातल्या. मी एकटी गप्प होते, कारण काय घडलं ते मी एकटीनंच पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात भाचीचा मेसेज आला. तिनं तिथे इंग्रजीत कथा लिहायला घेतल्या होत्या. ऑस्ट्रेलियातल्या लघुकथांना दरवर्षी एक बक्षीस देतात, त्याच्या शेवटच्या काही कथांत तिची कथा निवडली होती. मोठा समारंभ, प्रत्येक लेखकानं आपल्या कथेतला तुकडा स्टेजवर वाचायचा, मग निकाल. आबांनी गाडीत पेढे वाटले. आपली पोर, आपल्या गाडीतली! मामांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "कायची गोष्ट लिव्हली तिनं?"

"तुमच्याच गोष्टींतली असणार," आबा म्हणाले. "त्या गोष्टींशिवाय तिला येतं काय?"

मामांनी पेढा डॅशबोर्डवर ठेवला. तो धुळ्यापर्यंत तसाच होता.

त्यांचा हिशोब एकदम जुळला होता. व्हिडिओ कॉलवर त्यांनी कितीदा पाहिलं होतं, त्यांच्या खिडकीत ऊन असताना तिच्या खिडकीत अंधार. ती तिथे दिवे लावून गोष्टी लिहिते, तेव्हा इथे दिवस असतो. म्हणून वाट चुकते. आणि आता तर ती माइकवर वाचणार, एवढ्या लोकांसमोर, समारंभ तिथल्या संध्याकाळचा, म्हणजे आपल्या भरदुपारी. गाडीत यावर रीतसर चर्चा झाली. आबांचं म्हणणं, सांगणाऱ्याचा दिवस धरायचा, तिथे रात्र तर दोष नाही. मास्तर म्हणाले, ऐकणाऱ्याचा धरा. एरंडोल मागे पडल्यावर मामा म्हणाले, "वाट माही चुकते ना? मंग दिवस बी माहाच धरा."



संध्याकाळी मला घरापाशी सोडताना ते म्हणाले, "ताई, तुमी तिले सांगा. माह्याच्यानं नाई सांगवत. बक्षीस घे म्हना, पन वाचू नको." डोळ्यांत पाणी होतं. मला संताप आला, दया आली, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली. कारण एवढं खुळचट बोलणारा हा माणूस उद्या सकाळी पुन्हा आम्हाला घेऊन हायवेवर जाणार होता.

मी तिला फोन लावला. अमळनेरचं सांगितलं, कंटेनरचं सांगितलं, मामा काय म्हणतात ते सांगितलं. वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "ताई, पुढच्या सीटवर तुम्ही बसता ना?"

"हो."

"मग गप्प बसू नका. बोलत राहा. मी बोलायचे तसं."

"आणि वाचायचं काय ठरवलंस?"

"वाचणार. वाचायलाच पाहिजे मला," ती म्हणाली. मला ती हट्टी वाटली, आणि मी फोन जरा आपटूनच ठेवला.

बक्षीस तिलाच मिळालं, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव तिकडे अडकायला नको. माझा जीव दुसरीकडेच अडकला होता.

समारंभाच्या दिवसासाठी मामांनीच तोड काढली. त्या दिवशी घराबाहेर पडायचंच नाही. वाटेवर पाऊलच नाही, तर वाट चुकेल कशी? गाडीला सुट्टी दिली. मी रजा टाकली आणि दुपारी त्यांच्याकडे गेले, एक म्हणजे मोबाइल लावून द्यायला, आणि दुसरं म्हणजे त्यांना एकटं ठेवायचा मला धीर होईना. मामा खाटेवर मांडी घालून बसले होते. पाय खाली सोडायला तयार नाहीत. "भुईले पाय लागला म्हंजे वाट आली," म्हणाले. गाडीची किल्ली त्यांनी आधीच माझ्या हातात दिली. दार लावून घेतलं होतं. दाराच्या फटीतून उन्हाची रेघ आत आली होती, तिच्याकडे ते सारखे बघत होते.

स्क्रीनवर भाची आली. हिरवी साडी, केस कापलेले. मामा म्हणाले, "रोडावली." मग ती वाचायला लागली, आणि मामांनी दोन्ही हातांनी खाटेची कड धरली.

मला वाटलं होतं बैलगाडीवाला येईल. तो आलाच नाही. एक मुलगी आपल्या मामाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसते, असं ती वाचत होती. मामा उभा जन्म त्याच रस्त्यावर गाडी चालवतोय. एके दिवशी तो तिला विचारतो, पुढे कोणतं गाव? गंमत करतोय, असं तिला वाटतं. मग तिला कळतं की तो गंमत करत नाही. त्या दिवसापासून ती रोज सगळी गावं मोठ्यानं म्हणत जाते. गाडीतले लोक तिला हसतात. तिला बरं वाटतं, हसतायत तोवर कुणाला कळलेलं नाही. एकदा ती मुद्दाम गप्प बसून बघते, आणि गाडी वळण सोडून सरळ जाते. ती मामाला गाडी बंद कर म्हणून विनवते, मामा हसतो. शेवटी ती परदेशी निघते. मामा तिला विमानतळावर सोडतो आणि एकटा परत फिरतो. ती विमानात बसते आणि डोळे मिटून गावं म्हणायला लागते, त्यानं घरी पोचावं म्हणून.

त्या हसणाऱ्या लोकांत मी होते. पण ते नंतर. आधी डोळ्यांसमोर आला तो कंटेनर, आणि एवढे दिवस आम्ही कुणाच्या भरवशावर धुळ्याला जात होतो, ते.

गावांची नावं तिनं इंग्रजी उच्चारात नाही, आपल्या बोलीत घेतली. एकेक नाव थांबून थांबून. पाळधी. एरंडोल. पारोळा. मुकटी. फागणे. धुळे.

मामांनी खाटेची कड सोडली. चेहरा उजळला. "अरे, आपला रूट सांगून राह्यली!" म्हणाले. लोक टाळ्या वाजवत होते. मग ते माझ्याकडे वळले आणि उजळलेला चेहरा पुन्हा बारीक झाला. "ताई, तुमाले इंग्रजी समजते. खरं सांगा. गोष्ट हाये का बातमी?"

मी गोष्ट म्हणाले असते, तर तो माणूस त्या खाटेवरून पुन्हा खाली उतरला नसता. आणि दुसरं उत्तर जे होतं, ते मला उच्चारवत नव्हतं. पण ते खरं होतं.

"बातमी, मामा," मी म्हणाले. "सगळी बातमीच आहे."

"मंग काई भेव नाई!" मामा केवढ्यानं हसले. कित्येक दिवसांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. पाय खाली सोडले, चपला घातल्या, दार सताड उघडलं. घरभर ऊन आलं. "चला, तुमाले घरी सोडतो. द्या किल्ली."

मी किल्ली मुठीत घट्ट धरली. ती नंतर मी त्यांना कधीच परत दिली नाही. दुसऱ्या दिवशी पहूरहून त्यांची बहीण आली, भाचीची आई, आणि त्यांना घेऊन गेली. आम्ही सगळे आता बसनं जातो. त्या दुपारी मात्र, "मामा, चालत जाऊ," एवढंच मी म्हणाले. "जवळच तर आहे."

"चाला."

आम्ही फाटकातून बाहेर आलो. गल्ली तीच, इतकी वर्षं त्यांची. मामा थांबले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. हसू अजून ओठांवर तसंच होतं, फक्त डोळ्यांत नव्हतं. मग त्यांनी माझ्या हाताला धरलं, आणि जो शब्द आयुष्यात गाडीत कुणाला बोलू दिला नाही, तो अगदी हळू आवाजात विचारला.

"ताई, कुठे?"

"डाव्या हाताला, मामा," मी म्हणाले. "आता पिठाची गिरणी येईल. गिरणी झाली की शाळा."